मलम घरी, क्रीम दुकानात

बडोद्याचे खंडेराव मार्केट रस्त्यावरून पाहिले तर बाजार वाटत नाही. घुमट, कमानी, नक्षीकाम असा सगळा राजवाड्याचा थाट. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १९०६ साली ही इमारत बांधून नगरपालिकेला दिली आणि तिला १८५६ ते १८७० या काळात गादीवर असलेल्या खंडेराव महाराजांचे नाव ठेवले. दर्शनी भागात महानगरपालिकेच्या कचेऱ्या, आणि भाजी, फळे, फुले मागच्या अंगाला. हिवाळ्यात इथे ओल्या हळदीचे आणि आंबेहळदीचे ढीग लागतात, हारवाल्यांपुढे गुलाब नि झेंडू वजनावर विकले जातात.

हे मार्केट उभे राहिले त्या काळात बडोद्याला रसायनशास्त्राचा नाद लागला होता. १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेची सूत्रे प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे होती. १९०७ साली गज्जर, प्रा. कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या प्रयत्नांतून अलेंबिक केमिकल वर्क्स उभी राहिली. तिचा सुरुवातीचा माल म्हणजे अल्कोहोल आणि औषधी अर्क. त्याच १९०७ साली नाशिकला वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने आयुर्वेद महासंमेलन भरले. पदे यांचा ‘आर्यभिषक्’ हा ग्रंथ मराठी आणि गुजराती अशा दोन्ही घरांत पोचला.

कारखान्यातले औषध आणि खलबत्त्यातले औषध अशा दोन्ही वाटा बडोद्याला तेव्हापासून माहीत आहेत. घरी लेप, मलम, क्रीम करू पाहणाऱ्याने आधी एवढेच ठरवायचे असते, की आपल्याला हवी ती वस्तू यांपैकी कोणत्या वाटेची आहे. त्याची खूण सोपी आहे. वस्तूत पाणी आहे की नाही, ते पाहावे. पाणी नसेल तर ती घरात उत्तम होते आणि टिकते. पाणी असेल तर ती एक तर त्याच दिवशी वापरून संपवायची, नाही तर दुकानातून आणायची.

त्वचेला हवे काय

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. या चपट्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटी स्निग्ध द्रव्यांनी लिंपलेल्या असतात. हे लिंपण शाबूत असेल तोवर आतले पाणी आत राहते आणि बाहेरची घाण बाहेर. साबण, गरम पाणी, कोरडी थंडी आणि वय यांमुळे ते झिजते. मग कातडी खरखरीत होते, खाजते, टाचांना भेगा पडतात.

तेल, तूप, मेण यांचे काम या झिजलेल्या जागी तात्पुरता पडदा धरण्याचे. मलम स्वतः ओलावा देत नाही, असलेला ओलावा उडू देत नाही. म्हणून ते लावायची योग्य वेळ आंघोळीनंतरची, अंग टिपून झाले पण कातडी अजून दमट आहे तेव्हाची. भर दुपारी कोरड्या टाचेवर थापलेल्या मलमाचा उपयोग निम्मा होतो.

दुसरी गोष्ट आम्लतेची. निरोगी त्वचेचा पीएच पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. लिंबाच्या रसाचा दोनाच्या जवळ आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा आठाच्या पुढे. चेहरा उजळावा म्हणून हे दोन्ही चोळण्याचे सल्ले सर्रास दिले जातात. त्यांतून उजळपणा येत नाही, चुरचुर मात्र येते. त्यातही आपले कागदी लिंबू उन्हाशी वैर धरणारे आहे. त्याचा रस कातडीवर असताना कडक ऊन लागले तर काही जणांना भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

पाणी कुठे मुरते

बुरशी आणि जीवाणू शुद्ध तेलात किंवा मेणात वाढू शकत नाहीत, कारण त्यांना पाणी लागते. तेल जुने झाले की खवट होते ते हवेतल्या प्राणवायूमुळे, आणि खवटपणा नाकाला लगेच कळतो. पाणी असलेल्या क्रीमचे तसे नाही. त्यात जीवाणूंची वसाहत झाली तरी रंग, वास, पोत दिवसेंदिवस तसेच राहू शकतात. डबी छान दिसते आणि ती लावलेल्या भेगेत पू होतो.

क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचे जुळवून आणलेले लग्न. दोघांचे मुळात पटत नाही, म्हणून मध्ये पायसीकारक (इमल्सिफायर) लागतो. तो नसेल तर मिक्सरमध्ये कितीही फिरवा, तासा-दोन तासांत तेल वर आणि पाणी खाली. पायसीकारक मिळाला तरी पुढे परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) लागतोच. कारखान्यात परिरक्षक घातल्यावर क्रीममध्ये मुद्दाम जीवाणू आणि बुरशी सोडतात आणि ते ठरलेल्या मुदतीत मरतात की नाही हे तपासतात. ही चाचणी स्वयंपाकघरात होत नाही.

मग घरगुती कृतींत ‘ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घाला, म्हणजे टिकेल’ असे सांगतात ते? ई जीवनसत्त्व तेलाचा खवटपणा लांबवते, जीवाणूंना त्याने काही होत नाही. मध, कडुनिंबाचा रस, लिंबाचे दोन थेंब यांच्या भरवशावरही पाणीदार क्रीम सोडता येत नाही. कोरफडीचा गर आणि बदाम तेल घोटून केलेले ‘क्रीम’ बडोद्याच्या जुलैत ओट्यावर दोन दिवसही सुरक्षित नसते. फ्रिजमध्ये ठेवल्याने वाढ मंदावते, थांबत नाही.

वात चटचटली तर

पाण्याचे हे महत्त्व आपल्या जुन्या वैद्यांना पुरते ठाऊक होते. शार्ङ्गधर संहितेपासून चालत आलेले तैलपाकाचे प्रमाण असे: कल्क एक भाग, तेल चार भाग, काढा किंवा रस सोळा भाग. कडुनिंबाचे तेल करायचे झाले, तर २५ ग्रॅम पाल्याची चटणी, १०० ग्रॅम तिळाचे तेल आणि ४०० ग्रॅम पाल्याचा काढा. हे सगळे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर चढवायचे आणि बाजूला उभे राहून ढवळायचे.

सुरुवातीचा बराच वेळ काहीच घडत नाही. मोठे बुडबुडे येतात, वाफ निघते, कल्क तळाशी लगद्यासारखा असतो. पाणी आहे तोवर मिश्रणाचे तापमान शंभर अंशांच्या फारसे पुढे जात नाही. पाणी संपत आले की बुडबुडे बारीक होतात आणि तेलावर फेस चढतो. तुपाचा पाक असेल तर उलट, आधीचा फेस शमतो. आता कल्काची चिमूट उचलून दोन बोटांत वळायची. ती चिकटली किंवा पसरली तर पाक कच्चा. तिची सरळ वात वळली तर ती पेटवून पाहायची. वात चटचटली तर आत पाणी आहे. शांत जळली तर तेल तयार.

हा चटचटाट म्हणजे कल्कात अडकलेल्या पाण्याची एका क्षणात झालेली वाफ. प्रयोगशाळेत ओलावा मोजायला यंत्र लागते, इथे कान पुरतो. मात्र इथपासून सावध राहायला हवे. पाणी संपताच तापमान झपाट्याने चढते आणि मिनिटा-दोन मिनिटांत कल्क करपतो. मृदू, मध्यम आणि खर या पाकाच्या तीन पायऱ्या वैद्य मोजतात, त्या याच थोड्या वेळात असतात. वात शांत जळली की कढई लगेच उतरवावी, तेल कोमट असताना कोरड्या फडक्यातून गाळावे आणि कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे.

ओली पाने किंवा फुले तशीच तेलात बुडवून बाटली उन्हात ठेवायची पद्धतही सगळीकडे सांगितली जाते. तिच्यात पानांतले पाणी कुठेच जात नाही आणि आठवड्याभरात पानांवर बुरशीची लव दिसते. उन्हात ठेवायचेच असेल तर पाने आधी सावलीत कुरकुरीत वाळवून घ्यावीत.

मूळ मलम

तेल तयार झाले की मलम ही अर्ध्या तासाची गोष्ट. तेल आणि मधमाशीचे मेण, बस्स. आयुर्वेदात याला सिक्थ तैल म्हणतात. रोममध्ये दुसऱ्या शतकात वैद्यकी करणाऱ्या गॅलेनच्या नावावर असलेले कोल्ड क्रीमही मेण आणि ऑलिव्ह तेलाचेच, फक्त त्यात गुलाबपाणी घोटलेले असे. लावल्यावर त्यातले पाणी उडून गारवा वाटायचा. याच पाण्यामुळे ते ताजे करूनच वापरावे लागे. उलट टोकाचे उदाहरण व्हॅसलीनचे. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. त्यात पाण्याचा थेंब नाही, म्हणून डबी वर्षानुवर्षे कपाटात राहिली तरी तिला बुरशी येत नाही.

घरचे प्रमाण १०० ग्रॅम तेलाला २० ग्रॅम मेण. मेण ६२ ते ६५ अंशांना वितळते. ते किसून तेलात घालावे, भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावे आणि मेण विरघळेपर्यंत हलवावे. थेट आचेवर नको. एक थेंब थंड स्टीलच्या वाटीवर टाकून बोटाने पाहावे. फार घट्ट वाटले तर तेल, फार पातळ वाटले तर मेण. बडोद्याचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा मेण २५ ग्रॅमपर्यंत न्यावे. डिसेंबर-जानेवारीत १५ ग्रॅम पुरते. डबी आधी धुऊन, उन्हात वाळवून, कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी. पुढे मलम काढताना ओले बोट त्यात घालू नये.

तेलांत तिळाचे सर्वांत भरवशाचे, कारण ते लवकर खवटत नाही. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास गोठते, त्यामुळे त्याचे मलम थंडीत दगड आणि उन्हाळ्यात पाणी होते. एरंडेल फार चिकट असल्याने तेलाच्या दहाव्या हिश्शाइतकेच घालावे, ओठांसाठी ते छान. गुजरातेत देशातले सर्वाधिक एरंड पिकते, आणि बडोद्यात दुकानदाराकडे ‘दिवेल’ मागितले की काम होते. टाचांच्या भेगांसाठी कोकणातले कोकम तेल, म्हणजे भिरंडेल, सर्वांत चांगले. ते गोळ्याच्या रूपात मिळते आणि चाळीस अंशांच्या आसपास वितळते. भिरंडेल ३० ग्रॅम, तिळाचे तेल ६० ग्रॅम, मेण १० ग्रॅम हे मिश्रण गार होईपर्यंत ढवळले की मऊ राहते. रात्री पाय कोमट पाण्यात ठेवून, टिपून, हे चोळावे आणि मोजे घालून झोपावे.

शंभर पाण्यांचे तूप

पाणी आणि स्नेह यांचा पायसीकारकाशिवाय केलेला आपल्याकडचा एक जुना मेळ म्हणजे शतधौत घृत. तांब्याच्या परातीत साजूक तूप घ्यायचे, त्यावर तेवढेच थंड पाणी ओतायचे आणि तळहाताने किंवा लोटीच्या बुडाने गोल घोटायचे. पाणी ओतून टाकायचे, नवे घ्यायचे. असे शंभर वेळा. दहा-पंधरा पाण्यांनंतर पिवळेपणा उतरू लागतो, मग तुपाचा वास जातो, आणि शेवटी हाताला गार लागणारा, पांढराशुभ्र, लोण्याहून हलका गोळा उरतो.

तुपाचा खास वास देणारी लहान साखळीची आम्ले पाण्यात विरघळतात आणि प्रत्येक पाण्याबरोबर वाहून जातात. घोटल्यामुळे उरलेले पाणी अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात तुपात अडकते. या थेंबांवरून प्रकाश विखुरतो, म्हणून रंग पांढरा. इथे थेंबांभोवती सगळीकडून तूप असल्याने जीवाणूंना पसरायला वाव कमी, पण पाणी आहे ते आहेच. म्हणून पाणी उकळून गार केलेले वापरावे, एका वेळी पन्नास ग्रॅमच तूप घ्यावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन आठवड्यांत संपवावे. कोरड्या, आग होणाऱ्या कातडीवर ते सुखद वाटते. ताज्या भाजलेल्या जागेवर मात्र ना हे लावावे ना साधे तूप. भाजल्यावर पहिला उपचार एकच, वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे.

राळेचे मलमही याच कुळातले. साल वृक्षाची राळ तेलात विरघळवून ते पाण्यात घोटतात आणि ते लोण्यासारखे पांढरे होते. हे घरी करू नये. राळ पटकन पेट घेते, आणि राळ म्हणून बाजारात पुष्कळदा पाइनचे रोझिन मिळते. रोझिनची अॅलर्जी अनेकांना असते.

काय आणावे, काय सोडावे

खंडेराव मार्केटमधल्या गुलाबाच्या ढिगाकडे हात जाणे साहजिक आहे. पण ती फुले देवासाठी आणि हारांसाठी पिकवलेली असतात, त्यांच्यावरच्या फवारणीचा हिशोब कुणी ठेवत नाही. शिवाय साध्या तेलात गुलाबाचा वास फारसा उतरत नाही. झेंडूचेही सोडून द्यावे. युरोपात ज्या पिवळ्या फुलाचे मलम प्रसिद्ध आहे ते कॅलेंड्युला ही निराळी वनस्पती आहे, आणि झेंडूचे सुगंधी तेल तर उन्हात त्वचेला बाधते. कोरफडीचे पान, स्थानिक भाषेत कुंवारपाठुं, जरूर घ्यावे. कापल्यावर वाहणारा पिवळा चीक निथळू द्यावा, धुवावे, आतला पारदर्शक गर तेवढ्यापुरता लावावा आणि उरलेला टाकून द्यावा. ओली हळद लेपाला चांगली. तिचा रंग देणारे कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून मलमाला थोडी हळद पुरते, आणि उशीचा अभ्राही पिवळा होतो.

कोरडा माल गंधियाण्याच्या, म्हणजे जडीबुटीच्या, दुकानातून घ्यावा: वाळा, नागरमोथा, मंजिष्ठ, गव्हला कचोरा, मुलतानी माती. सगळे अख्खे घ्यावे, पूड नको, कारण पुडीत काय मिसळले आहे ते डोळ्यांना कळत नाही. मेणाची खरी परीक्षा इथेच. “बेन, असली मीण छे,” असे दुकानदार छातीठोक सांगतो. तुकडा मागून घ्यावा. मधमाशीच्या मेणाला मधाचा मंद वास असतो, मोडले की कड दाणेदार आणि मंद दिसते, आणि बोटांत मळले की ते मऊ होते. वास नसलेला, घसरडा, पांढरट तुकडा पॅराफिनचा असण्याची शक्यता मोठी. पॅराफिन विषारी नसते, पण मलम ठिसूळ होते आणि पैसे मेणाचे जातात.

झाडाचे म्हणजे निर्धोक, हा समज मराठी माणसाला तरी असू नये. बिब्बा झाडाचाच असतो आणि तो अंगावर उठला की काय होते हे गावाकडे सगळ्यांना माहीत आहे. लवंग आणि दालचिनीची तेले नुसती लावली तर कातडी भाजते. कापूर लहान मुलांच्या पोटात गेला किंवा अंगावर जास्त चोळला गेला तर झटके येऊ शकतात, तान्ह्या बाळाच्या मलमात तो नकोच. कोणतेही नवे मलम आधी कोपराच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढे लावून दोन दिवस थांबावे. तेलकट चेहऱ्यावर आणि मुरुमांवर तेला-मेणाचे मलम लावू नये, छिद्रे बुजून मुरूम वाढतात.

घरच्या मलमाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. ते उन्हापासून वाचवत नाही. नायटा, खरूज, पू झालेली जखम, वाढत जाणारा पांढरा किंवा काळा डाग यांवर त्याचा उपयोग नाही. नायट्यावर मेणाचा थर दिला तर आतला ओलावा बुरशीला उलट पोसतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइड मिसळलेले मलम आणणे तर अधिक वाईट. नायटा वरून दबतो, आत पसरतो आणि कातडी पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे.

मलम चांगले जमू लागले की मैत्रिणी म्हणतात, विकायला काढ. भेट देणे आणि विकणे यांत कायदा फरक करतो. भारतात प्रसाधने विक्रीसाठी बनवायला उत्पादनाचा परवाना लागतो, मग ती ‘नैसर्गिक’ असोत वा नसोत. ‘बरे करते’ असा दावा केला की वस्तू औषधाच्या हद्दीत जाते. ही हद्द मोठ्यांनाही सुटलेली नाही. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली सुरू केलेल्या विकोच्या हळदीच्या क्रीमला औषध मानायचे की प्रसाधन, हा कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

तेव्हा सुरुवात लहान करा. शंभर ग्रॅम तिळाचे तेल, वीस ग्रॅम मेण आणि एक कोरडी डबी, एवढ्यावर पहिले मलम होते. डबीवर काय घातले आणि कोणत्या तारखेला केले ते लिहून चिकटवा. सहा महिन्यांत संपवा, वास बदलला तर त्याआधीच फेकून द्या. आणि शतधौत घृत सोडले तर ज्या कृतीत पाणी, रस किंवा गर उरतो ती वाटीभरच करा, त्याच दिवशी लावा, उरली तर ठेवू नका.